एक इंडियन ठेव, एवढंच सांगितलं होतं

पोट साफ होणं ज्यांना सहज जमतं त्यांना माझं दुखणं कळायचं नाही. मला बद्धकोष्ठ लग्नाच्या आधीपासूनचं. भिजवलेल्या मनुका, कोमट पाण्यात तूप, इसबगोल, सगळं करून झालंय. पण खरं सांगू? सकाळी नीट उकिडवं बसायला मिळालं की माझं काम व्हायचं. घाटकोपरच्या आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये इंडियन संडास होता, म्हणून इतकी वर्षं निभावलं.

बिल्डिंग पाडून नवी बांधायची ठरली आणि आम्ही भाड्याच्या घरात गेलो. तिथे नुसता कमोड. पाय लोंबकळत ठेवून मी बसून राहायचे नि तशीच उठायचे. पोट दगडासारखं. मग चिडचिड सगळी सुनेवर निघायची, बिचारी.

नव्या घरात दोन संडास मिळणार होते. मुलगा टाइल्स नि नळ निवडायला बिल्डरच्या ऑफिसात निघाला, तेव्हा मी त्याला दारातच अडवलं. असलं मी कुणाशी बोलत नाही हो, पण पोटच्या पोराला काय लाजायचं?

"अरे, दोनातला एक इंडियन ठेव. माझ्यासाठी एवढंच माग."

"ठेवतो गं आई! आधी तुझं सिंहासन, मग बाकीचं."

हसले मी. भाड्याच्या घरातले दिवस त्या एका शब्दावर काढले.

चावी मिळाली. सगळे बाल्कनी बघायला धावले, मी आधी संडासाचं दार उघडलं. कमोड. दुसरं उघडलं. तिथेही कमोडच, पांढराशुभ्र.

"अगं, तुझे गुडघे..." मुलगा म्हणाला.

"माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय? अजून खाली बसून भाजी निवडते मी."

सून मध्ये बोलली. तिला वाटलं, मला ठाऊकच आहे. "आई, इंडियन असला की पुढे फ्लॅटला गिऱ्हाईक मिळत नाही ना. म्हणून आमचं आधीच ठरलं होतं."

पुढे म्हणजे कधी, ते कुणी बोललं नाही. न बोलता कळलं मला. माझ्यामागून येणाऱ्या कुणा अनोळखी गिऱ्हाइकाची सोय झाली होती, माझी नाही. आणि ठरलं आधीच होतं, तर मला दारात 'ठेवतो' कशाला म्हणाला?

डॉक्टरीणबाईंनी मग उपाय सांगितला. कमोडवर बसताना पायांखाली बुटकं स्टूल घ्या, गुडघे कमरेपेक्षा वर येऊ द्या, कुंथू नका, नि लागली की दाबून ठेवू नका. आंघोळीचं प्लॅस्टिकचं स्टूल नेऊन ठेवलं तिथे. फरक पडला. रोज नाही, पण पडला.

मुलाने स्टूल पाहिलं. "बघ, जमलं ना? उगाच तोंड पाडून बसली होतीस."

"जमलं रे. पण नाही म्हणायचं होतं तर तोंडावर म्हणायचंस. भांडले असते नि विसरले असते."



सकाळी चहा पिताना तो अजूनही विचारतो, "आई, आज झालं का?" पूर्वी मी त्याला सगळं सांगायचे, अगदी काय खाल्लं म्हणून अडलं तेसुद्धा. आता 'झालं' म्हणते. न झालेल्या दिवशीही तेवढंच म्हणते.