काळ्या चित्रातला माणूस
३ जून. धुळीचं वादळ शमल्यावर आज भिंतीवरच्या तसबिरींच्या काचा पुसायला घेतल्या, तेव्हा साहेबाचं काळं चित्र हाती आलं. कुवेतला आम्ही नवे होतो तेव्हा यांच्या इंग्रज साहेबाने ते भेट दिलं होतं. शंभर वर्षांपूर्वीचं छापील चित्र, एक जुनं घर, उघडं दार आणि बाकी सगळा रेघांवर रेघा ओढून केलेला काळोख. बाहेर डोळ्यांत खुपणारं ऊन आणि भिंतीवर ही अमावास्या. तेव्हा मला सातवा महिना होता. बाळंतपणासाठी मुंबईहून बोटीने आलेल्या सासूबाईंना त्या दारात माणूस दिसला. "मेला टक लावून बघतो. चित्र काढा, नाहीतर मी पुढच्या बोटीने चालले." काढावं कसं? गुरुवारी साहेब चहाला येणार होता, आणि सासूबाईंना जाऊ द्यावं तर घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. साहेब आला, तशा सासूबाई मुलाला म्हणाल्या, "विचार त्याला, दारात कोण उभा आहे." साहेब चष्मा लावून वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला. "आजोबांपासून हे आमच्या घरात होतं, पण हा मला आजच दिसला. मात्र आमच्याकडे कधी चोरी झाली नाही." यांनी ते मराठीत सांगितलं. सासूबाई ताडकन उठल्या. "अगो, म्हणजे हा घराचा राखणदार. आणि तुम्ही त्याला अजून एक नारळही दिला नाहीत?" बोटीचा विषय संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी, तेवढं पोट घेऊन, इंग्रजी चित्रापुढे फोडायला नारळ मिळेना म्हणून मी कुवेतचा अख्खा बाजार पालथा घातला.