पंख्याच्या वायरीतला रेझिस्टन्स

जव्हारच्या एसटी डेपोजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि भिंतीला भिंत लावून मधुकरचं रिपेअरिंगचं. हा गृहस्थ मोठा चौकस. साऊंडवाल्याचा अ‍ॅम्प्लिफायर आला की आधी स्क्रू ड्रायव्हर उचलणार नाही, आधी प्रश्न. मशीन कुठं ठेवलं होतं? ऊन होतं का? आवाज जायच्या आधी पंखा फिरत होता का? गिऱ्हाईक वैतागतं, मी तर बावीस वर्षं वैतागतोय. पण त्याच्या हातून गेलेलं मशीन सहसा परत येत नाही.

खोडाळ्याच्या हेमंतचं मात्र तीनदा परत आलं. हेमंत लग्नांना साऊंड लावतो. लग्न रंगात आलं की त्याचा अ‍ॅम्प्लिफायर तापायचा आणि आवाज आपोआप बंद पडायचा. आतला पंखा वेळेवर फिरला तर असं होत नाही. मधुकरनं पंखा बदलला, मशीन तापल्यावर पंखा सुरू करणारा स्विच बदलला, धूळ काढली. टेबलावर दोन-दोन तास चालवला, तेव्हा पंखा इमानदारीत फिरला. लग्नात गेला की पुन्हा तेच.

"काका, लोका बोलतात, हेमंत्याला मशीन हाताळता येत नाय," हेमंत तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला. "परवा जामसरला पोश्याकाकाच्या पोरीचा लगीन हाय. तिथं पन बंद पडला त मना कोन बोलवनार नाय."

लग्नाच्या दिवशी मधुकरनं दुकान बंद ठेवलं. माझंही ठेवायला लावलं, कारण मोटरसायकल माझी.

मंडपात तो जेवायलाही उठला नाही. अ‍ॅम्प्लिफायरला खुर्ची चिकटवून, ताप बघावा तसा त्यावर हात ठेवून बसला. दुपारी नवरानवरी मंडपात आली आणि आवाज गेला. पोश्या, नवरीचा बाप, भरल्या मंडपात हेमंतला म्हणाला, "तुला बोलवला हीच चूक झाली." हेमंत मान खाली घालून उभा राहिला. मला त्याच्याकडे बघवेना.

मधुकरनं जाळीतून काडेपेटीची काडी घालून पंख्याचं पातं हलकेच ढकललं. पंखा फिरू लागला. म्हणजे पंखा चांगला होता, पण आपणहून सुरू व्हायला त्याला जोर पुरत नव्हता. त्यानं मीटर लावला. बारा व्होल्टच्या पंख्याला जेमतेम पाच मिळत होते.

"जनरेटर कमी देतोय," मी म्हणालो. त्याच जनरेटरवर दोन कूलर चालू होते.

"नुसत्या त्यानं इतकं पडत नाही." त्यानं पंख्याच्या वायरीकडे बोट केलं. "विनोद, पंख्याच्या वायरीत रेझिस्टन्स आहे. मीच टाकलाय."

झालं होतं असं. लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धोंडीबाईनं गेल्या वर्षी तक्रार केली होती की पंख्याची घरघर माइकमध्ये येते. मधुकरनं वायरीत वीज अडवणारा रेझिस्टन्स बसवून पंखा हळू केला. दुकानातल्या विजेवर तो तेवढ्यातही फिरायचा, जनरेटरवर जागचा हलायचा नाही. तीनदा त्यानं सगळं मशीन तपासलं, फक्त स्वतःच्या कामावर शंका घेतली नाही.

मी त्याच्या कानाशी लागलो. "गुपचूप काढून टाक. झाकली मूठ सव्वा लाखाची. दुकान चालवायचंय ना?"

त्यानं जनरेटर थांबवायला लावला, रेझिस्टन्स काढला, वायर सरळ जोडली. जनरेटर पुन्हा सुरू होताच पंखा घोंगावला. मग पंख्याची घरघर पकडू नये म्हणून लांब वायर लावून त्यानं माइक मंडपाच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि तपासायला तोंडापाशी धरला. मला वाटलं, आता हॅलो हॅलो म्हणेल.

"मी मधुकर, जव्हारचा रिपेअरिंगवाला," तो म्हणाला. "हेमंतच्या मशीनचा आवाज आज गेला, आधीच्या लग्नांतही गेला, तो माझ्या चुकीमुळं. हेमंतच्या कामात खोट नाही."

 या लग्नातही गायला आलेली धोंडीबाई उठली, तिनं त्याच्या हातातून माइक घेतला. "भुनभुनू दे पंख्याला," म्हणाली आणि गायला लागली. संध्याकाळपर्यंत आवाज गेला नाही. सामान आवरणाऱ्या हेमंतला पोश्यानं स्वतः बसवून जेवायला वाढलं.

परतताना माझा राग गेला नव्हता. "चूक कबूल करायची तर पोश्याला बाजूला घेऊन सांगायची. माइकवर कशाला?"

"हेमंतला बोल लावले ते बाजूला घेऊन लावले होते का?" मधुकर मागून म्हणाला.