खळ्यावरचं गोल्फ

माझ्या सासऱ्यांना एखादी गोष्ट येत नाही, असं सांगणारा माणूस दोंडाईच्याच्या पंचक्रोशीत आजवर सापडलेला नाही. आणि त्यांना कोणी काही शिकवलंय, असं सांगणारा तर मुळीच नाही. बोअरला पाणी कुठे लागेल इथपासून डॉक्टरने सलाईन कुठल्या हाताला लावावं इथपर्यंत सगळं तेच सांगत आले. असा माणूस चौऱ्याहत्तराव्या वर्षी बारा वर्षांच्या पोरीपुढे हात बांधून उभा राहिला, आणि तोही गोल्फ शिकायला.

ही पोरगी म्हणजे माझी मुलगी सई. आम्ही नाशिकला राहतो आणि ती दर रविवारी गोल्फच्या क्लासला जाते. गेल्या दिवाळीत तिने आजोबांना, म्हणजे आबांना, फोनवर सांगून टाकलं की गावात माझ्याशी खेळायला कोणीच नसतं, मी उन्हाळ्यात येणार नाही. सासूबाई गेल्यापासून आबा तिच्या उन्हाळ्यातल्या एका महिन्याच्या आशेवर वर्ष काढतात. तिसऱ्या दिवशी मला ऑफिसात फोन आला, "जवाईबापू, गोल्फले काय काय लागस?"

मी दोन जुने क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, आणि डझनभर बॉल एसटीने पाठवले. रविवारी दुपारी निंबाच्या खोडाला मोबाईल बांधून सईची व्हिडिओ कॉलवर शिकवणी सुरू झाली. आयुष्यभर कुदळ मारलेला हात, त्यामुळे पहिला महिना बॉल जागेवर आणि वावरात खड्डे. सगळ्या खड्ड्यांत मिरचीची रोपं लागली असती. सई ओरडायची, "आबा, डोकं हललं." ग्रामसभेत कोणाचं वाक्य पुरं होऊ न देणारे आबा मुकाट्याने मान डोलवायचे, आणि पुन्हा डोकं हललं म्हणून बोलणी खायचे. शेवटी त्यांनी टोपीवर लिंबू ठेवून सराव सुरू केला. लिंबू पडलं की दहा फटके जादा, ही शिक्षा त्यांनीच ठरवली. ज्या दिवशी लिंबू टिकलं आणि बॉल थेट बांधापलीकडे गेला, त्या दिवशी मला ऑफिसात सहा फोन आले.

हलक्या हाताने बॉल लोटून भोकात घालायचा, त्यासाठी सपाट जमीन हवी असं सईने सांगितलं. आबांनी खळं केलं. हल्ली मळणी यंत्रावर होते, खळं कोण करतं? पण आबांनी जमीन चोपली, शेणाने सारवली. गाव विचारू लागलं की मळण्या उरकल्यावर चैत्रात खळं कशाला. भोकाचं माप निघालं चार-सव्वाचार इंच, म्हणजे विहिरीच्या पाईपलाईनचा तुकडा नेमका बसला. तेव्हापासून हा खेळ मुळात खानदेशातलाच, याबद्दल आबांना शंका उरली नाही. दहातले दोन बॉल आत जायचे, मग पाच, मग नऊ. सईने गावी येण्यासाठी अट घातली की दहा पावलांवरून लागोपाठ तीन घालून दाखवा, पण नाशिकच्या मैदानावर.

आबा धोतरात क्लब गुंडाळून आले. तिन्ही बॉल सरळ रेषेत गेले आणि तिन्ही भोकाच्या हातभर अलीकडे थांबले. सारवलेल्या खळ्याचा बेतशीर हात तो, गवतात कुठून पुरणार? आबांनी मैदानभर नजर फिरवली. "इतलं गवत वाढू दिधं यासनी? निंदाले कोनी भेटत नही का?" एवढं बोलून ते क्लब पुन्हा गुंडाळू लागले. सईने ते तिन्ही बॉल उचलून आणले. मग म्हणाली, "खळं बघायला येते मी."

आली, आणि महिनाभर हरली. तिच्या गवतावरच्या हाताने मारलेला बॉल खळ्यावरून सुसाट गोठ्यात जायचा. आबांनी एकही डाव सोडला नाही. शेवटच्या दिवशी आईबरोबर एसटीत चढताना तिचे डोळे भरलेले होते. मी एक दिवस मागे थांबलो होतो; गाडी गेल्यावर मला राहवलं नाही. एक डाव नातीला दिला असता तर काय बिघडलं असतं, असं मी त्यांना जरा रागानेच विचारलं.

"जिंकीसन गई ते परत कसाले येई?" आबा म्हणाले. "हारीसन गई, आते येईच."

घरी आल्यावर त्यांनी केरसुणी घेतली आणि खळं झाडायला लागले. थोड्या वेळाने माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "येई ना, जवाईबापू?"