शिट्टीबाईचं उट्टं

शिट्टीबाईने मोठ्या बाईंवर डूख धरला तो पालकसभेत, भर माईकवर माफी मागताना.

शिट्टीबाई म्हणजे प्राथमिक शाळेची खेळशिक्षिका. गळ्यातल्या शिट्टीवरून पहिलीतल्या कुठल्याशा पोराने तिला हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं, की पालकसुद्धा शाळेत फोन करून "जरा शिट्टीबाईंना द्या" म्हणत. नावाचा तिला राग नव्हता. एरवी मात्र राग तिच्याकडे भरपूर होता आणि तो माहेरून आलेला होता. तिच्या आईने एका उसन्या नेलेल्या कुकरवरून नणंदेशी अबोला धरला होता. नणंद परगावी गेली, कुकर भंगारात गेला, अबोला जागेवर. "विसरायला मी काय म्हातारी झालेय?" असं आई विचारायची. तेव्हा तिला जिना चढायला दोन माणसं लागायची.

झालं होतं ते असं. गेल्या वर्षी क्रीडादिनाच्या आधी सकाळचं मैदान संचलनाच्या तालमीला दिलेलं होतं, कारण पाहुण्यांना संचलन आवडतं. धावण्याच्या सरावाला उरली भर दुपार. शिट्टीबाई मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, खोलीत जाऊन सांगून आली, "बाई, ऊन फार आहे. मुलांना सोसणार नाही."

मोठ्या बाईंनी कागदावरची नजर काढली नाही. "आपण नाही का उन्हात खेळलो? सराव ठरल्याप्रमाणेच होईल."

ती पुन्हा गेली, पुन्हा तेच उत्तर घेऊन आली. आणि त्याच आठवड्यात रिलेच्या सरावात, शेवटच्या टप्प्यात, तिसरीतली एक मुलगी धावता धावता कोसळली. पळण्यावरून सगळे तिला हरीण म्हणायचे. शिट्टीबाईने तिला उचललं तेव्हा अंग तव्यासारखं तापलं होतं आणि घामाचा टिपूस नव्हता. पोरगी दवाखान्यात राहिली, सलाईन लागलं, बरी होऊन घरी आली. पण पालक खवळले. सभा बोलवावी लागली, आणि त्या सभेत मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "वेळेच्या नियोजनात खेळशिक्षिकेकडून हलगर्जीपणा झाला. त्या स्वतः आपली माफी मागतील." आणि माईक तिच्या तोंडासमोर धरला.

पहिल्याच रांगेत हरणाची आई बसली होती, रुमाल डोळ्यांना लावून. त्या बाईसमोर 'मी नाही, ह्यांनी केलं' असं म्हणायला शिट्टीबाईची जीभ उचलेना. ती म्हणाली, "माफ करा." माईक खराब होता. त्याने ते दोन शब्द सगळ्या सभागृहात घुमवले.

घरी आईने विचारलं, "तू गप्प का बसलीस गं?"

"पोरीची आई रडत होती."

"बरं. आता नाही ना रडत? मग आता उट्टं काढ."

शिट्टीबाई हसली नाही. तिला ते पटलं होतं. वर्षभर ती मोठ्या बाईंना रोज "नमस्ते बाई" म्हणत राहिली आणि वळल्यावर दातओठ खात राहिली. शिक्षकांच्या खोलीत तिच्या मागे कुजबुज व्हायची. फाटकापाशी आया मुलांना तिच्या हाती देताना "उन्हात नका हं नेऊ" असं बजावायच्या. प्रत्येक वेळी तिच्या पोटात नवं लाकूड जळायला पडायचं.

नवं सत्र उजाडलं आणि मोठ्या बाईंना एकाएकी मुलांचा कळवळा आला. आदर्श शाळा निवडणारी समिती येणार होती. सत्राचा कार्यक्रम छापून आला: वाचन सप्ताह, डोळ्यांची तपासणी, चित्रांचं प्रदर्शन, दर शुक्रवारी 'मनातलं बोलू' हा तास आणि सत्राच्या शेवटी समितीसमोर क्रीडादिन. भिंतींवर फलक लागले, 'तुझं मन, आमची काळजी'. त्यातला सर्वात मोठा फलक मोठ्या बाईंच्या दाराबाहेर होता. शिक्षा झालेली मुलं नेमकी त्याच्याखाली उभी असायची.

शुक्रवारच्या तासाला चौथीचा एक गट शिट्टीबाईकडे आला आणि त्यात हरीण होती. वर्षभरात ती धावलीच नव्हती, आईने मना केलं होतं. शिट्टीबाईच्या डोक्यात पटकन आलं: हिलाच क्रीडादिनी बोलायला उभी करावी. समितीसमोर, आई-बापांसमोर. मोठ्या बाईंचं तोंड बघण्यासारखं होईल. तिने हरणाला बाजूला घेतलं.

"स्टेजवर बोलशील का गं? गेल्या वर्षी काय झालं ते?"

हरणाने खोडरबराचा तुकडा मोडला. मग आणखी एक मोडला. "बाई, माझ्या पोटात दुखतंय."

शिट्टीबाईचा चेहरा उतरला. "राहू दे. जा, खेळ जा." आणि स्वतःशीच म्हणाली, पोरीला यात ओढायचं नाही. हे माझं आणि त्यांचं आहे.

संधी क्रीडादिनाच्या तयारीच्या बैठकीत चालून आली. बैठकीला पालक संघाचे अध्यक्ष होते. त्यांचं कोपऱ्यावर औषधांचं दुकान, म्हणून सगळे त्यांना औषधकाका म्हणत. मांडववाल्याने सांगून ठेवलं होतं की कापड एकाच बाजूला पुरेल. शिट्टीबाई अगदी मऊ आवाजात म्हणाली, "बाई, एक विचारायचं होतं. सावली स्टेजवर घालायची की मुलांवर?"

मोठ्या बाईंनी आधी तिच्याकडे बघितलं, मग औषधकाकांकडे. पाठीमागे भिंतीवर 'तुझं मन, आमची काळजी' लटकत होतं.

"मुलांवर. हे काय विचारणं झालं?"

"वा!" औषधकाका खूश झाले.

"आणि समितीचे पाहुणेही मुलांमध्येच बसवू या का?" शिट्टीबाई म्हणाली. "त्यांना बरं वाटेल. स्टेजवर फक्त बोलणारं माणूस."

"उत्तम कल्पना," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचं भाषण किती लांबतं हे त्या सोडून साऱ्या शाळेला ठाऊक होतं.

घरी आईने सगळं ऐकलं आणि इतकंच विचारलं, "कुणी शिकवलं तुला हे?"

"तूच."

"मी फक्त अबोला शिकवला," आई म्हणाली, पण तिचे डोळे चमकत होते.

क्रीडादिनी पाहुणे उशिरा आले. लिंबू-चमचा, पोत्यातली शर्यत, रिले, सगळं सावलीच्या कडेकडेने पार पडलं. दर शर्यतीनंतर शिट्टीबाईने मुलांना ओळीत बसवून पाणी पाजलं, डोक्यावर ओले रुमाल ठेवले. मोठ्या बाई तेवढ्या वेळात पाण्याचा घोट न घेता पाहुण्यांच्या मागेपुढे करत होत्या. समितीसाठी शिवून घेतलेला बंद गळ्याचा जाड कोट अंगात होता. त्या भाषणाला उभ्या राहिल्या तेव्हा सूर्य बरोबर स्टेजच्या डोक्यावर आला होता.

विषय होता मुलांचं स्वास्थ्य.

शिट्टीबाई स्टेजच्या समोर, मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती. पहिली काही पानं ठीक गेली. मग मोठ्या बाईंनी एकच वाक्य दोनदा वाचलं. चेहऱ्यावरचा घाम वाळला. मोकळा हात टेबलाची कड शोधायला लागला आणि ती सापडेना. शिट्टीबाईला ही सगळी लक्षणं पाठ होती. हरणानंतर तिने ती घोकली होती. एक शिट्टी फुंकली असती तर सगळं मैदान थांबलं असतं, दोन माणसं धावली असती, मोठ्या बाई खुर्चीत बसल्या असत्या.

तिने शिट्टी मुठीत धरली आणि मूठ आवळली.

आपण नाही का उन्हात खेळलो, बाई? तिच्या मनात आलं. आणखी थोडं. तेवढं पान तरी होऊ दे.

पान झालं नाही. 'बालकांच्या' या शब्दावर मोठ्या बाईंचे गुडघे दुमडले आणि माईकसकट त्या खाली आल्या. तोच खराब माईक, त्याने तो आवाजही घुमवला.

मग मात्र सगळ्यात आधी पोचली ती शिट्टीबाईच. कोटाची बटणं तोडून तिने गळा मोकळा केला, पाय वर धरले, मानेवर, काखेत ओले रुमाल दाबले, शुद्ध आल्यावर मीठ-साखरेचं पाणी घोटघोट पाजलं. हात जराही कापला नाही. हे संध्याकाळी तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःची थोडी भीती वाटली. थोडीच.

डॉक्टर येऊन "विश्रांती घ्या" म्हणून गेले. आजारी मुलांच्या खोलीतल्या आखूड पलंगावर मोठ्या बाई पाय दुमडून पडल्या होत्या.

"तुम्हाला दिसत होतं," त्या हळू म्हणाल्या.

"काय?"

"मी पडणार ते. समोरच होतात. शिट्टी हातात होती."

"दिसत होतं," शिट्टीबाई म्हणाली.

"सावलीचंही मुद्दामच ना?"

"सावलीचं तुम्ही ठरवलंत. बैठकीत, सगळ्यांसमोर."

इतक्यात औषधकाका तणतणत आत आले. "मोठ्या बाई, हे काय चाललंय? खेळशिक्षिकेने स्टेजवर सावलीची सोय नको करायला? गेल्या वर्षी ती पोरगी, यंदा तुम्ही! ह्यांच्यावर खापर फुटणार नाही तर कुणावर?"

या वेळी खापर खरोखर शिट्टीबाईचंच होतं आणि गंमत अशी की ते तिच्यावर फोडता येण्यासारखं नव्हतं. मोठ्या बाईंनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"सावली मुलांवर घाला, असं मीच सांगितलं होतं."

"हां... ते तर माझ्यासमोरच." औषधकाका वरमले. "मग काळजी घ्या, बाई." आणि निघून गेले.

"आता गेल्या वर्षीचंही सांगा," शिट्टीबाई म्हणाली.

"ते झालं गेलं."

"माझ्यासाठी नाही झालं. सरावाची वेळ कुणी ठरवली होती ते पालकांना सांगा. माईकवर."

"आणि नाही सांगितलं तर?"

शिट्टीबाईने रुमाल पिळून बादलीच्या काठावर वाळत टाकला. "तर पुढच्या सगळ्या कार्यक्रमांची व्यवस्था माझ्याकडेच आहे, बाई."



सत्राच्या शेवटच्या पालकसभेत त्यांनी ते सांगितलं. वाचन सप्ताह छान झाला, डोळ्यांच्या तपासणीत बऱ्याच मुलांना चष्मे लागले, आणि त्याच सुरात, "गेल्या वर्षी धावण्याच्या सरावाची वेळ मी ठरवली होती. खेळशिक्षिकेने विरोध केला होता." आणि लगेच सुट्टीच्या तारखा. माफीबिफी काही नाही. पण सभागृहात कुजबुज झाली, माना वळल्या, आणि हरणाच्या आईने मागे उभ्या असलेल्या शिट्टीबाईला शोधून काढलं. ती बराच वेळ बघत राहिली. शिट्टीबाईचे कान तापले. वर्षभर ज्याच्यासाठी ती जळली, ते हे होतं, आणि ते गोड होतं. खोटं कशाला बोला.

"माफी मागितली?" आईने घरी पहिला प्रश्न केला.

"नाही."

"मग अर्धंच झालं." पण तिने मोठ्या बाईंचा चेहरा कसा झाला होता ते जेवताना एकदा आणि हात धुताना पुन्हा एकदा वदवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी हरणाची आई फाटकावर थांबली होती. "बाई, मी तुम्हाला काय काय बोलले असेन. आता घ्या हो तिला पुन्हा धावायला. मीच अडवलं होतं."

शिट्टीबाई जवळजवळ पळतच वर्गात गेली. हरीण बाकावर वाकून रंगवत बसली होती.

"चल गं, आई 'हो' म्हणाली. तुझी जागा मी कुणाला दिली नाहीये."

हरणाने वर बघितलं. ना भीती, ना रुसवा. "बाई, मला आता धावायला नाही आवडत. मी चित्रकलेच्या गटात नाव दिलंय."

"नक्की?"

"हो." आणि ती पुन्हा रंगवायला लागली.

शिट्टीबाई सरळ मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. त्या पुढच्या सत्राचा आराखडा करत होत्या: पोहण्याचे धडे, सहल, दातांची तपासणी.

"बसा," मोठ्या बाई म्हणाल्या.

ती बसली नाही. "हरीण धावणार नाही म्हणते."

"का?"

"आवडत नाही म्हणते. आधी जीव टाकायची."

मोठ्या बाईंनी पेनाला टोपण लावलं. चेहरा ओढल्यासारखा दिसला. "मी बोलू का तिच्याशी?"

"नको. तुम्ही तिच्या वाऱ्यालाही उभ्या राहू नका."

दुसरी एखादी मुख्याध्यापिका असती तर तिने याच्यावर नोटीस काढली असती. मोठ्या बाई म्हणाल्या, "सहलीचं काही सांगायचंय?"

"निघायचं सकाळी लवकर. प्रत्येक मुलाला टोपी. आणि दुपारी कुठंतरी छप्पर हवं, झाड चालणार नाही."

"बरं."

"लिहून घ्या."

मोठ्या बाईंनी टोपण काढलं आणि लिहायला घेतलं. शेवटचा शब्द लिहून होईपर्यंत शिट्टीबाई टेबलासमोर उभी राहिली. मग तासाची घंटा झाली आणि ती दुसरीच्या मुलांना घेऊन मैदानावर गेली.