वेगळं पातेलं

मला शुगर आहे ही थाप मीच मारली होती. नवरा एचआयव्हीने गेला, घरात सांगितलं कावीळ. माझ्या रक्तातही तेच निघालं. डहाणूहून गोळ्या आणायच्या, रोज घ्यायच्या, आणि घरात थोरली जाऊ, तिच्या नजरेतून सुई सुटत नाही. म्हटलं, शुगरच्या गोळ्या आहेत. त्या थापेपायी चिकूच्या वाडीला लागून राहूनही मी वर्षानुवर्षं चिकू तोंडात घातला नाही.

जावेने माझ्या बिनसाखरेच्या चहाला वेगळं पातेलं काढलं, कपही वेगळा. साखरेमुळे, की तिला कळलं म्हणून? ती माझा कप घासायला घेई तेव्हा मी टक लावून बघायची. संशयाला औषध नाही म्हणतात ते खोटं नाही.

पुढे माझे हातपाय वाळले, गाल बसले आणि पोट तेवढं सुटलं. वाणगावच्या बाजारात सुके बोंबील विकताना बायका चिडवायच्या, "एकटीच खातेस वाटतं सगळं?" जाऊ हसायची नाही. नुसती माझ्या पोटाकडे बघायची. मला तिचा मनस्वी राग यायचा.

होऊ घातलेल्या बंदराविरुद्ध गावोगाव सभा चालल्या होत्या त्या दिवसांत जावेला चक्कर आली. तिलाच शुगर निघाली. आता दोघींचा चहा सारखा, म्हणजे पातेलं एक व्हायला हवं. दुसऱ्या दिवशीही गॅसवर पातेली दोन. मी मनात म्हटलं, कळलंय हिला.

आणि हीच बाई एकदा म्हणाली, "माझी गोळी संपली गो, तुझ्यातली एक दे." मी हबकले. ठाऊक असतं तर मागितली असती का? की ठाऊक आहे म्हणूनच मागितली? "दुसऱ्याची गोळी घेऊ नये," म्हणून मी उठले.

"एवढी काय सोन्याची हाय?" ती फणकारली.

त्यानंतर दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या गोळ्या बरीच वर्षं घेतल्या की काहींची चरबी अशी सरकते, रक्तातली साखरही वाढते. तुमची वाढली आहे. गोळ्या मनाने बंद करू नका, एक बदलून देते, शुगरचीही देते. मला हसू आलं. थाप खरी झाली होती.

घरी आले तर गॅसवर तीच दोन पातेली. माझं डोकंच फिरलं. मुद्दाम जावेचा भरलेला कप उचलला.

ती धावत आली, माझं मनगट धरलं. "तो माझा हाय! नको पिऊ!"

हेच ऐकायची मी इतकी वर्षं वाट बघत होते. रागाने घोट घेतला.

चहा पाकासारखा गोड होता.

जावेचा चेहरा उतरला. "पोरांना सांगू नको गो. साखर नाय सुटत माझ्याने."

मी कप खाली ठेवला.

"नाही सांगत, बाई," मी म्हटलं. "पण दार लोटून बस जरा. माझंही एक आहे, तेही कुणाला सांगायचं नाही."