उंदराचा वाटा

"आधी उंदराच्या पाया पड. मंग माह्या."

मालगुजार माझ्या आईला म्हणाला. कापणी झालेल्या धानाच्या बांधीत, भर दुपारी, चार गड्यांसमोर. आई बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर उकिडवी बसलेली. पुढं खोदलेलं बीळ, बाजूला टोपलीभर लोंब्या. मी कुदळ घेऊन तिच्या मागं उभी. सोळा वर्षांची होते.

आमच्या सावली गावाकडच्या भागात धानाची कमी नाही. ज्याला जमीन नाही तोही वर्षभर धानातच असतो. चिखलात उभा राहून रोवतो, वाकून कापतो, दुसऱ्याच्या खळ्यावर झोडपतो. घरी मात्र येतं ते सरव्याचं. म्हणजे कापणीनंतर बांधीत पडून राहिलेल्या लोंब्या वेचायच्या, झोळीत भरायच्या. सरवाही सरला की उंदरांची बिळं. उंदीर लोंब्या कुरतडून धुऱ्याच्या पोटात साठवतो. ज्यानं बीळ खोदलं त्याचं ते धान. कुणी लिहून दिलेलं नाही, पण आजीच्या आजीपासून चालत आलेलं. वाचणाऱ्याला किळस येईल. येऊ द्या. फक्त ती आमची येऊ नये. ज्यानं आमच्यावर ही पाळी आणली, त्याची यावी.

त्या साली बाप पंधरा दिवस हिवतापानं पडून होता. घरात मोहफुलं होती, पण ती त्याच्या पोटात ठरत नव्हती. पेजेला तांदूळ पाहिजे होता. एवढ्यासाठी आम्ही दोघी सकाळपासून धुरा खोदत होतो.

आईची एक रीत होती. बीळ कितीही भरलेलं असो, मूठभर लोंब्या आत ठेवायच्या आणि मग माती लोटायची. "त्याचंबी घर हाय," म्हणायची. ती मूठ ठेवत होती तेवढ्यात मालगुजार आला. बैल चारायला गडी घेऊन आला होता. सरकारनं मालगुजारी काढली होती, कागद निघाला होता. मालगुजार कुठं गेला? त्याची घरची बांधी त्याच्याचकडे राहिली, बैल त्याचे, आणि रामरामही त्यालाच.

"काय चोरून राह्यली वो?"

"चोरलं नाई मालक. बिळातलं हाय."

"आन् उंदरानं कोणाचं नेलं? माहंच ना? मंग चोरीचा माल झाला का नाई?"

गडी हसले. त्यातला एक आमच्याच वस्तीतला, नात्यानं माझा मामा. तोही हसला. मला मालगुजाराच्या हसण्याचं काही वाटलं नाही. मामाच्या हसण्यानं अंग जळालं.

मालगुजारानं वाकून बिळात पाहिलं. "थे मूठभर आतमंदी काऊन ठेवलं?"

आईनं खरं ते सांगितलं. चूक झाली ती तिथं. खोटं बोलायचं तिला सुचलंच नाही.

"थो उंदराचा वाटा हाय मालक."

"वा रे बाई! उंदराले वाटा हाय आन् मले नाई? मंग तुह्या लेखी मोठा कोन, उंदीर का मी?"

मग तो पाया पडायचं बोलला. वर म्हणाला, "पोरीलेबी पडू दे. दोघी पडा आन् टोपली घेऊन जा. मी का खानार हाव हे उंदराचं उष्टं?"

आई वाकली. बिळाच्या तोंडाशी कपाळ टेकवलं. कपाळाला ओली माती लागली. मग गुडघ्यावर सरकत त्याच्या पायांशी गेली. चार पावलांचं अंतर होतं. उठून चालत गेली असती तरी चाललं असतं. ती उठली नाही.

"आता तू," तो मला म्हणाला.

मी कुदळ खाली ठेवली. आईला वाटलं, मी वाकणार. मलाही तसंच वाटलं होतं.

"मी नाई पडत."

"काय म्हनली?"

"खोदलं आमी. थे आमचं हाय. मी नाई पडत."

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. मामाला म्हणाला, "सोड रे बैल." मामानं बैल सोडले. एकानं टोपलीत तोंड घातलं, दुसऱ्यानं शिंगानं ती उलथवली. आई हात पुढं करून मुठीत येईल ते गोळा करायला गेली. मामानं तिला हाताला धरून बाजूला केलं. "सरक तिकडं बाई, शिंग लागन," म्हणाला. तेवढी माया त्याच्यात उरली होती.

वाटेत आईनं मला मारलं. दोनदा. "मातीले कपाळ लावून का झिजली असती तू? तुह्या बापाले काय देऊ आता? तुही अकड?"

घरी तांदूळ नव्हताच.

बाप फाल्गुनात गेला. त्या टोपलीनं तो वाचला असता असं मी म्हणत नाही. आई म्हणते. आजही म्हणते, आणि मला ते खोटं पाडता येत नाही.

आता मी सिंदेवाहीच्या बाजारात मजुरीवाढीची पत्रकं वाटते. बाया पत्रक घेतात आणि त्यात मिरची बांधतात. गेल्या कापणीला अकरा जणी माझ्या अंगणात बसल्या. मजुरी ठरल्याशिवाय कुणी बांधीत उतरायचं नाही, असं ठरलं. अकराही जणी हो म्हणाल्या. सकाळी धुऱ्यावर मी एकटी. अकराही बांधीत वाकलेल्या, आणि सगळ्यांच्या पुढं माझी आई. तिनं वर पाहिलं नाही. मी तिला दोष देत नाही. पोट कुणाला दोष देऊ देत नाही.

उद्या पुन्हा कापणी लागते आहे. कुणी येईल असं मला वाटत नाही. तरी मी जाणार. धुऱ्यावर उभी राहणार नाही, आईच्या समोर बांधीत उभी राहीन आणि तिचा विळ्याचा हात धरीन. तिनं मारलं तर मार खाईन. मालकानं मजुरी बोलल्याशिवाय तो हात सोडणार नाही.