चार बोटांची फट

रस्त्याकडेला कुणाचा हात वर दिसला, की डायवरकाकांचा पाय ब्रेकवर जायचा. सगळी नोकरी पौड-मुळशीच्या रस्त्यावर यष्टी चालवण्यात गेली, त्यामुळे ही सवय हाडात मुरलेली. निवृत्त झाले तरी ती काही गेली नाही. एखादी बाई केस बांधायला हात वर करायची, काका थांबायचे. कुणी फांदी वाकवून जांभळं काढत असायचं, काका थांबायचे. एकदा शाळेच्या मैदानावर पंचानं षटकाराची खूण केली, तर रस्त्यानं जाणारे काका करकचून थांबले होते, असं गावात सांगतात. ते मी पाहिलेलं नाही, पण माझा विश्वास आहे. "हात केला की थांबायचं. मानूस हाय त्यो, खांब न्हाई," असं ते म्हणायचे.

हे माझे सख्खे चुलते. सगळं गाव 'डायवर' म्हणायचं, म्हणून मीही डायवरकाका म्हणू लागले. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे लाड आणि बोलणी दोन्ही माझ्याच वाट्याला आली. गाडी मला त्यांनीच शिकवली.

निवृत्तीनंतर त्यांनी रस्त्याकडेचा जमिनीचा एक तुकडा एका बंगलेवाल्याला दिला आणि त्याच्याकडे धूळ खात पडलेली स्पोर्ट्स कार घरी आणली. पिवळीधमक, दोन दारांची, दोनच माणसांची. भाताच्या खाचरांमधून ती यायला लागली की बगळे उडायचे आणि म्हातारी माणसं काठी टेकून बघत राहायची. लोक म्हणाले, डायवर, जीप घ्यायची, निदान खताची पोती तरी आली असती. काका म्हणाले, "उभी नोकरी उंचावर बसून केली. लोकांची टकुरी तेवढी बघितली. आता खाली बसून दुनिया कशी दिसती ते बघतुय."

पण दुनिया अजून त्यांच्या मनासारखी दिसत नव्हती. शनिवार-रविवारी ताम्हिणीकडे जाणाऱ्या शहरातल्या गाड्या कशा रस्त्याला चिकटून पळायच्या! आपली गाडी मात्र पाय उचलून चालल्यासारखी, असं त्यांना वाटायचं. ते चाकाशी उकिडवे बसायचे आणि चाक आणि पत्र्याच्या मधल्या फटीत हाताची बोटं घालायचे. "चार बोटं! कोंबडीचं पिल्लू जाईल ह्यातनं." त्यांना दोन बोटं हवी होती. म्हणजे आखूड स्प्रिंगा बसवून गाडी खाली घ्यायची. पुण्याहून त्यांनी तशा लाल स्प्रिंगा मागवल्याही, पण बसवाव्यात की नाही हे काही ठरेना.

मग त्यांनी साऱ्या तालुक्याचा सल्ला घेतला. चहाच्या टपरीवर विचारलं, बुद्धविहाराच्या कट्ट्यावर विचारलं, लग्नाच्या पंगतीत वाढप्यालासुद्धा विचारलं. मी हिंजवडीत कंपनीत काम करते. आमच्याकडे एवढी चर्चा झाली की शेवटी निदान एक बैठक तरी ठरते. इथं तेही नाही. "बघू," एवढंच. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फटीत बोटं.

मुख्य भीती गतिरोधकांची. गाडी खाली घेतली आणि पोट घासलं तर? म्हणून एका सकाळी काका पौडच्या यष्टी स्टँडसमोर गतिरोधकाच्या शेजारी चक्क पालथे झोपले, गाल डांबराला लावून. डायवर पडला, डायवर पडला, असं म्हणत अख्खं स्टँड धावलं. कुणी कांदा आणला, कुणी पाणी मारलं. काका ओल्या सदऱ्यानं उठून बसले आणि वैतागून म्हणाले, "पडलो न्हाई रं, उंची बघतुय!" त्यांचे जुने कंडक्टर ही गोष्ट अजून हसत हसत सांगतात.

आता काकीबद्दल सांगायला हवं, कारण खरी अडचण तीच होती. काकीचे गुडघे गेलेले. त्या गाडीत बसणं म्हणजे तिच्यासाठी विहिरीत उतरणं आणि उतरणं म्हणजे विहिरीतून वर येणं. काका पलीकडून धावत यायचे, तिचे दोन्ही हात धरायचे, "एक, दोन" म्हणायचे आणि ओढायचे. बाजाराच्या दिवशी लोक थांबून बघायचे. काकीला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्यात काकांची सवय. काकी शेजारी बसलेली असताना कुणी हात केला तरी ते थांबायचेच, काच खाली करायचे आणि म्हणायचे, "जागा न्हाई, बरं का." काकी चिडायची. "जागा न्हाई तर थांबता कशाला?" "न्हाई म्हणायला तरी थांबाय नको व्हय?" आणि गाडी पुढे निघायची.

गाडी आणखी खाली गेली असती तर काकीचं तिच्यात बसणंच संपलं असतं. काकांना हे कळत होतं, पण हौसही सुटत नव्हती. शेवटी काकीच म्हणाली, "करा की खाली. किती दिस बोटं घालत बसणार?" काकांची कळी खुलली. मिस्त्रीशी बोलणं झालं, वार ठरला.

आणि आदल्या दिवशी काकांनी बेत मोडला. म्हणाले, रस्ता लई खराब हाय, बघू पुढं. मला हसू आलं, कारण त्याच महिन्यात रस्ता नवा झाला होता. खरं कारण त्यांनी मला नंतर सांगितलं, गाडी पुसता पुसता, माझ्याकडे न बघता. दुपारी ते शेतावरून लवकर परतले तर काकी स्वयंपाकघरात एकटीच उठबस करत होती. "खुर्चीवरनं न्हाई, पाटावरनं. भिंतीला धरून उठायची, परत बसायची. 'एक, दोन' म्हणत. तोंड असं कळवळलेलं. माझ्या हौसंपायी गं!" एवढं बोलून ते बराच वेळ एकच दार पुसत राहिले. "तिला सांगू नगंस," म्हणाले.

मी सांगितलं नाही. स्प्रिंगा पडवीत पडून राहिल्या. काकीनं त्यातल्या एकीवर पाण्याची कळशी ठेवायला सुरुवात केली.

गेल्या वर्षी भात काढून झाला आणि काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मला अजूनही फोन वाजला की आधी त्यांचाच वाटतो आणि मग वाईट वाटतं.

उन्हाळ्यात मी गावी गेले तेव्हा काकीनं कळशी खाली उतरवली आणि ती स्प्रिंग पदरानं पुसली. "गाडी तू चालव. आन आधी खाली करून आण. त्यांची हौस हुती." मला राहवलं नाही. म्हटलं, "काकी, रस्त्याचं काही नव्हतं गं. त्यांनी तुला पाटावर बघितलं होतं."

"मला ठावं हाय," काकी म्हणाली. "डोळं न्हाईत व्हय मला? नवाकोरा रस्ता, म्हणं खराब. पर मला कळलं न्हाई असं वाटून त्यांना बरं वाटत हुतं, मंग मी बी गप बसले." मग म्हणाली, "उठबस मातुर सोडली न्हाई. अजून करतीया."

मी गाडी पौडला नेऊन खाली करून आणली. काकीनं बोटं घालून पाहिली. दोनच गेली. मग ती स्वतः आत बसली आणि आम्ही धरणाच्या कडेनं एक फेरी मारली. काकी सगळा वेळ काचेतून चाकं, पाय, कठड्याखालचं गवत बघत होती. "असं दिसतंय व्हय," एवढंच म्हणाली.

परतताना थांब्यावर एका पोरीनं हात केला. हातात परीक्षेचं पॅड, चेहरा रडवेला. यष्टी चुकली होती. मी वेग कमी केला, पण म्हटलं, "काकी, जागा कुठाय?"

"थांब म्हणते ना!"

मी थांबले. काकीनं दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला, दाराची कड धरली. ओठ हलले: एक, दोन. आणि ती उभी राहिली. कुणी न ओढता, एकटी.

"बस गं बाई आत," ती पोरीला म्हणाली. मग माझ्याकडे वाकून, "पोच कर तिला. मी येते यष्टीनं."

पोरगी बसली, मी गाडी काढली. आरशात पाहिलं तर काकी रस्त्याच्या कडेला ताठ उभी होती आणि 'जा, जा' म्हणून हात हलवत होती. हात वर दिसला आणि माझा पाय ब्रेकवर गेला.